सामायिक प्रिंटर पासवर्ड मागतो, तेव्हा नेमका कोणाचा पासवर्ड द्यायचा?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. गुहागर तालुक्यातील आपल्या घरी ओटीवरच्या डेस्कटॉपला यूएसबी केबलने लेसर प्रिंटर जोडलेला आहे. डेस्कटॉपवर विंडोज १० आहे आणि तो प्रिंटर घरातील इतर संगणकांसाठी शेअर केलेला आहे. होमस्टेची बिले आणि हंगामात आंब्याच्या पेट्यांवरची लेबले त्यावरच छापली जातात. मुलीने घेतलेल्या विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवरून हा प्रिंटर जोडू पाहिले की 'एंटर नेटवर्क क्रेडेन्शियल्स' (नेटवर्कसाठीचे नाव आणि पासवर्ड द्या) अशी चौकट येते. तिच्यात आपण वायफायचा पासवर्ड, लॅपटॉपचा पिन आणि ईमेलचा पासवर्ड असे तिन्ही देऊन पाहिले, आणि तिन्ही वेळा 'यूजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे' असे उत्तर आले. जुना लॅपटॉप मात्र काहीही न विचारता छापतो. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी डेस्कटॉपवरील 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग', म्हणजे शेअर केलेल्या गोष्टींसाठी पासवर्ड मागण्याची सोय, बंद करण्याचा सल्ला दिला आहे, आणि तो मानावा का, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो: तो सल्ला मानू नये. त्याची कारणे पुढे येतीलच. मुख्य मुद्दा असा की ही चौकट ज्या खात्याचे नाव आणि पासवर्ड मागते, ते खाते डेस्कटॉपवरचे असते. लॅपटॉपवरचे, राउटरवरचे किंवा प्रिंटरमधले खाते तिला नको असते. विंडोजमध्ये शेअर केलेला प्रिंटर हा शेअर केलेल्या फोल्डरसारखाच मानला जातो. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी लॅपटॉप डेस्कटॉपच्या दारात उभा राहतो आणि डेस्कटॉप आपल्या स्वतःच्या यादीतील खात्यांशी नाव आणि पासवर्ड ताडून पाहतो. वायफायचा पासवर्ड येथे निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने. वाडीचे बेडे उघडून अंगणात येता आले, तरी माजघराचे कुलूप त्यामुळे उघडत नाही.

पासवर्ड मागणारी चौकट दिसणे ही तशी चांगली खूण आहे, हेही लक्षात घ्यावे. चौकट आली याचा अर्थ लॅपटॉपला डेस्कटॉप सापडला, मधली वाट मोकळी आहे, फायरवॉलने अडवलेले नाही आणि शेअरिंग चालू आहे. अशा वेळी राउटर बंद-चालू करणे, केबल काढून घालणे किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारी प्रणाली) पुन्हा बसवणे यांत वेळ घालवू नये. दोष केवळ ओळख पटण्यात आहे आणि तो तेथेच शोधावा.

आता आपले तीन प्रयत्न का फसले ते पाहू. वायफायचे सांगून झाले. पिनची गोष्ट अशी की विंडोज हॅलोचा (पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने आत येण्याच्या सोयीचा) पिन ज्या यंत्रावर ठरवला त्या यंत्रापुरताच असतो. तो नेटवर्कवरून कधीच पाठवला जात नाही आणि दुसऱ्या संगणकाला तो ठाऊकही नसतो. डेस्कटॉपवर तोच चार आकडी पिन ठेवलेला असला तरी उपयोग नाही. ईमेलच्या पासवर्डचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. डेस्कटॉपवर आपण मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करत असाल, तर त्या खात्याचा ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा पासवर्ड चालतो, चालायला हवा. परंतु अनेक घरांत लोक मायक्रोसॉफ्ट खात्याला जीमेलचा पत्ता वापरतात आणि मग चौकटीत जीमेलचा पासवर्ड देतात. पत्ता एकच असला तरी ती दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात. शिवाय येथे डेस्कटॉपवर नोंदलेले खाते हवे, मुलीच्या लॅपटॉपवरचे तिचे खाते नव्हे.

मायक्रोसॉफ्ट खात्याबाबत आणखी एक खाच आहे, जी वरून दिसत नाही. डेस्कटॉप सुरू केल्यापासून रोज पिननेच आत जात असाल, तर बदललेला पासवर्ड त्या यंत्राला माहीतच नसण्याची शक्यता असते. अशा वेळी डेस्कटॉपवर 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्यांसाठी केवळ विंडोज हॅलो' अशा अर्थाचा जो पर्याय असतो तो बंद करावा, साइन आउट करावे आणि एकदा पूर्ण पासवर्ड टाइप करून आत यावे. त्यानंतर नेटवर्कवरून तोच पासवर्ड स्वीकारला जातो. आपण खाते पूर्णपणे 'पासवर्डलेस' करून ठेवले असेल, तर मात्र देण्यासारखा पासवर्डच उरत नाही आणि त्या खात्याने सामायिक प्रिंटर जोडता येत नाही.

जुना लॅपटॉप बिनबोभाट छापतो, याची कारणे बहुधा दोनच असतात. एक तर कोणीतरी कधी काळी त्यावर बरोबर नाव आणि पासवर्ड देऊन 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर खूण केलेली असते आणि ती नोंद आजही तेथे आहे. किंवा जुन्या लॅपटॉपवर आणि डेस्कटॉपवर एकाच नावाचे व एकाच पासवर्डचे खाते आहे. विंडोज आधी चौकट न दाखवता स्वतःच्या चालू खात्याचे नाव आणि पासवर्ड देऊन पाहते आणि ते जुळले तर वापरणाऱ्याला काही विचारतच नाही. पूर्वी 'होमग्रुप' नावाची सोय होती, तिच्यात एकच सामायिक पासवर्ड सगळ्या घराला पुरत असे; परंतु २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात आली. जुन्या सवयीने 'घराचा पासवर्ड' शोधणारे लोक अजून भेटतात, तो आता अस्तित्वात नाही.

माझा सल्ला असा आहे की कोणाचेही वैयक्तिक खाते या कामाला वापरू नये आणि डेस्कटॉपवर केवळ छपाईसाठी एक वेगळे स्थानिक खाते उघडावे. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, 'फॅमिली अँड अदर यूजर्स' या मार्गाने जाऊन 'ॲड समवन एल्स टू धिस पीसी' निवडावे. तेथे लगेच ईमेल पत्ता मागितला जातो. तो न देता खालचा 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' हा दुवा आणि त्यापुढे 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' हा दुवा घ्यावा. खात्याचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवावे. 'छपाई' हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला तरी पुरे. पासवर्ड दिलाच पाहिजे. तो दिल्यावर तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे लिहून ठेवावीत. खाते 'स्टँडर्ड यूजर' याच प्रकारचे राहू द्यावे. छपाईसाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागत नाहीत. या खात्याने डेस्कटॉपवर प्रत्यक्ष कधी आत जाण्याचीही गरज नाही.

पासवर्ड दिलाच पाहिजे, असे ठासून सांगण्यामागे कारण आहे. घरातील संगणकाला पासवर्ड कशाला, या विचाराने कित्येक ठिकाणी मुख्य खाते पासवर्डशिवायच असते. विंडोजमध्ये मूळचा नियम असा आहे की कोऱ्या पासवर्डचे खाते केवळ त्या यंत्रासमोर बसून वापरता येते, नेटवर्कवरून नाही. त्यामुळे चौकटीत नाव बरोबर लिहून पासवर्डची जागा कोरी सोडली तर प्रवेश मिळत नाही, आणि येणारा संदेश कधी 'खात्यावरील निर्बंधां'विषयी बोलतो, तर कधी सरळ चूक पासवर्ड असल्याचे सांगतो. हा नियम बदलण्याची सोय आहे, पण ती वापरू नये.

खाते तयार झाले की डेस्कटॉपचे नाव पाहून घ्यावे. ते सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट येथे दिसते. बहुधा 'डेस्कटॉप' या शब्दापुढे काही अक्षरे आणि आकडे असे ते असते. ते बदलून सुटसुटीत करण्याचा मोह होतो, परंतु नाव बदलले की जुन्या लॅपटॉपची जोडणीही तुटेल, तेव्हा चालते आहे ते तसेच राहू द्यावे. प्रिंटरचे शेअर नाव मात्र 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधील 'शेअरिंग' या पानावर एकदा वाचून घ्यावे. 'सिक्युरिटी' या पानावर 'एव्हरीवन' या नावापुढे 'प्रिंट' या परवानगीवर खूण असते. ती कोणी काढलेली नाही ना, एवढेच तपासावे.

आता लॅपटॉपकडे वळावे. येथे पहिले काम नवी नोंद करण्याचे नाही, आधीची चुकीची नोंद पुसण्याचे आहे. फसलेल्या प्रयत्नांत एखाद्या वेळी 'रिमेंबर'वर खूण झाली असेल, तर चुकीची माहिती साठून राहते आणि विंडोज दर वेळी तीच पुढे करते. कंट्रोल पॅनेलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडावा, त्यात 'विंडोज क्रेडेन्शियल्स' निवडावे आणि डेस्कटॉपच्या नावाची किंवा त्याच्या आयपी पत्त्याची (नेटवर्कवरील त्याच्या आकडी पत्त्याची) जी नोंद असेल ती काढून टाकावी. त्यानंतर लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करावा. केवळ झाकण मिटून उघडणे पुरेसे नाही, कारण आधी जुळलेला अर्धवट संबंध तसाच राहतो. एकाच संगणकाशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी संबंध ठेवू दिला जात नाही आणि तसा प्रयत्न झाला की १२१९ क्रमांकाची त्रुटी येते. समजा त्याच डेस्कटॉपवरचा एखादा फोल्डर लॅपटॉपवर दुसऱ्या नावाने उघडलेला आहे आणि आपण प्रिंटरसाठी 'छपाई' हे नाव देत आहात, तर पासवर्ड बरोबर असूनही काम अडेल.

रीस्टार्टनंतर पुन्हा क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन 'ॲड अ विंडोज क्रेडेन्शियल' निवडावे. पहिल्या रकान्यात डेस्कटॉपचे नाव लिहावे. दुसऱ्या रकान्यात आधी डेस्कटॉपचे नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि मग छपाईच्या खात्याचे नाव, असे मधे जागा न सोडता लिहावे. तिसऱ्यात पासवर्ड. नुसते खात्याचे नाव लिहिले तरी घरगुती नेटवर्कवर बहुधा चालते, पण लॅपटॉपवरही त्याच नावाचे खाते असेल तर गोंधळ होतो. पूर्ण नाव लिहिले की शंकेला जागा राहत नाही. डेस्कटॉपवरील मायक्रोसॉफ्ट खातेच वापरायचे झाल्यास डेस्कटॉपच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट अकाउंट' हा शब्द रोमन लिपीत सलग लिहून, उलटी रेघ देऊन पूर्ण ईमेल पत्ता लिहावा.

पासवर्ड लिहिताना कीबोर्ड कोणत्या भाषेवर आहे तेही पाहावे. ज्या संगणकावर बिले मराठीत होतात तेथे टास्कबारवरील भाषा मराठीवर राहून गेलेली असते आणि ठिपक्यांआड आपण देवनागरी अक्षरे टाइप करत असतो. चौकटीच्या कडेला डोळ्याचे चिन्ह असते, ते दाबून पासवर्ड एकदा वाचून घ्यावा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यावरच सुटलेल्या आहेत.

नोंद झाली की विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबून उघडणाऱ्या पट्टीत दोन उलट्या रेघा आणि त्यापुढे डेस्कटॉपचे नाव लिहून एंटर करावे. आता चौकट न येता शेअर केलेला प्रिंटर दिसायला हवा. त्यावर उजवी टिचकी देऊन 'कनेक्ट' निवडावे. या टप्प्यावर ड्रायव्हर बसवण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो; तो मात्र लॅपटॉपचा हवा. २०२१ च्या जुलैमध्ये छपाईच्या सेवेतील 'प्रिंटनाइटमेअर' या नावाने गाजलेला दोष उघड झाल्यानंतर ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टने हा नियम केला. या दुसऱ्या चौकटीत लोक पुन्हा डेस्कटॉपचे खाते भरतात आणि 'पहिल्यापासून तेच चालले आहे' असे म्हणून वैतागतात. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आधीच लॅपटॉपवर बसवून ठेवला, तर हा टप्पा सहसा येतच नाही. मुलीचा लॅपटॉप एआरएम प्रकारच्या प्रोसेसरचा असेल, तर त्यासाठीचा ड्रायव्हर जुन्या लेसर प्रिंटरला उपलब्ध आहे का, हे खरेदीच्या पावतीवर मॉडेल पाहून तपासावे.

आता 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करण्याविषयी. ही सोय बंद केली की डेस्कटॉप येणाऱ्याला नाव-गाव न विचारता पाहुणा समजून आत घेतो. आपल्या घरी खरोखरीचे पाहुणे राहतात आणि त्यांना आपण वायफाय देता. त्याच डेस्कटॉपवर त्यांच्या आधारकार्डांच्या स्कॅन केलेल्या प्रती, बुकिंगची नोंदवही आणि कदाचित बँकेची कागदपत्रे असतील. यांपैकी एखादा फोल्डर कधी 'एव्हरीवन'साठी शेअर केला गेला असेल, तर पडवीत बसलेला कोणीही तो फोनवरून उघडू शकेल. हे जोखमीचे आहेच, पण याहून वेगळे कारण असे की या उपायाने काम होईल याची आता खात्रीही नाही. विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत २४एच२ या अद्यतनापासून अशा 'गेस्ट' प्रवेशाला लॅपटॉप स्वतःच नकार देतो आणि शिवाय संवादावर डिजिटल सही, म्हणजे तो वाटेत बदललेला नाही याची खूण, असण्याचा आग्रह धरतो. पाहुण्याच्या नावाने केलेल्या संवादावर अशी सही होऊच शकत नाही. होम आवृत्तीत हे निर्बंध अद्याप सैल असल्याने काही घरांत तो उपाय चालतो, काही घरांत चालत नाही, आणि 'शेजाऱ्यांकडे तर चालले' हा वाद तेथून सुरू होतो.

पाहुण्यांसाठी राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करून त्यांना तेवढाच पासवर्ड द्यावा. गेस्ट नेटवर्कवरील यंत्रांना घरचे संगणक दिसत नाहीत, हाच त्याचा हेतू आहे. मात्र मुलीचा लॅपटॉप चुकून त्या नेटवर्कवर जोडला गेला, तर तिलाही डेस्कटॉप दिसणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

यापुढचा भाग पावसाळ्यासाठी आहे. किनाऱ्यावर विजा पडून राउटर जळणे आणि तो बदलला जाणे हे दर वर्षीचेच. नवा राउटर आला की वायफायचे नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तरी विंडोज त्याला नवे नेटवर्क समजू शकते आणि त्याची नोंद 'पब्लिक' अशी करते. पब्लिक नेटवर्कवर संगणक शोधू देणे आणि शेअरिंग मूळचेच बंद असते. तेव्हा एके दिवशी चौकटही न येता 'नेटवर्क पाथ सापडत नाही' असे दिसू लागले, तर दोष पासवर्डचा नाही. दोन्ही संगणकांवर सेटिंग्जमधील नेटवर्कच्या पानावर जाऊन प्रोफाइल 'प्रायव्हेट' करावे. इंटरनेट पुरवणाऱ्याने दिलेल्या फायबरच्या पेटीचे एक वायफाय आणि आपण नंतर आणलेल्या राउटरचे दुसरे, अशी दोन नेटवर्के घरात असणे हेही नेहमीचे आहे. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय आत पोहोचत नाही, म्हणून लोक दुसरा राउटर माजघरात बसवतात. डेस्कटॉप एकावर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असेल, तर दोन्हींचे आयपी पत्ते पाहावेत. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर दोघे वेगळ्या दालनांत आहेत. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' या पद्धतीने चालवला की दोन्ही एका नेटवर्कवर येतात.

पासवर्ड बरोबर देऊनही अडण्याची काही खास कारणे आहेत. विंडोज ११ नव्याने बसवलेल्या संगणकांवर २२एच२ पासून दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे बंद राहते. आपला डेस्कटॉप विंडोज १० चा असल्याने हे आपल्याला आज बहुधा लागू होणार नाही, पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने तो संगणक आज ना उद्या बदलावा लागेल, तेव्हा हे उपयोगी पडेल. सतत प्रयत्न करत राहण्याऐवजी चहा घेऊन यावे.

दुसरे कारण मुदतीचे. खाते कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीतून, तयार केले असेल, तर त्याच्या पासवर्डला मूळची ४२ दिवसांची मुदत लागू होते. ती संपली की महिना-दीड महिना सुरळीत चाललेली छपाई अचानक थांबते आणि काहीच बदललेले नसल्याने कारण सापडत नाही. डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेट यूजर' आणि पुढे खात्याचे नाव, असे रोमन लिपीत लिहिल्यास 'पासवर्ड एक्स्पायर्स' अशी ओळ दिसते. तिच्यापुढे 'नेव्हर' असावे; तारीख असेल तर मुदत चालू आहे असे समजावे.

तिसरे कारण अलीकडचे आहे आणि मला ते महत्त्वाचे वाटते. काही दुकानांत एका संगणकावर विंडोज बसवून त्याच डिस्कची हुबेहूब नक्कल बाकीच्या संगणकांवर उतरवतात. जुने संगणक नूतनीकरण करून विकताना हे विशेष चालते. नक्कल करण्यापूर्वी 'सिसप्रेप' नावाची प्रक्रिया करावी लागते. ती न केल्यास सर्व नकलांचा सुरक्षा ओळखक्रमांक, म्हणजे एसआयडी, एकच राहतो. वर्षानुवर्षे याने काही बिघडत नसे. परंतु २०२५ च्या ऑगस्टअखेरीस आणि त्यानंतर आलेल्या अद्यतनांपासून विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ या आवृत्त्या असे एकसारखे क्रमांक असलेल्या यंत्रांमधील ओळख नाकारतात. परिणाम असा दिसतो की नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरीही चौकट पुन्हा पुन्हा येते. आपल्या घरी एक संगणक विंडोज १० चा असल्याने आणि लॅपटॉप नवाकोरा असल्याने ही शक्यता कमी आहे. पण पुढे एकाच दुकानातून दोन विंडोज ११ चे जुने डेस्कटॉप घेतले आणि हे घडले, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'हू ॲम आय' ही आज्ञा सलग लिहून, त्यापुढे तिरकी रेघ आणि 'यूजर' असे लिहावे. दोन्ही यंत्रांवर दिसणाऱ्या लांबलचक क्रमांकाचा शेवटचा गट सोडून बाकीचा भाग तंतोतंत सारखा असेल, तर त्यांपैकी एकावर विंडोज नव्याने बसवणे हाच सरळ उपाय आहे. दुकानदाराकडून ते करून घेणे रास्तच आहे.

ओळख पटल्यानंतर येणाऱ्या त्रुटींविषयी थोडक्यात. शेवटी '११बी' अशी अक्षरे असलेली त्रुटी सप्टेंबर २०२१ च्या अद्यतनांनंतर प्रसिद्ध झाली. ती पासवर्डची नसून छपाईच्या संवादाला किती संरक्षण हवे, यावर दोन संगणकांचे एकमत न झाल्याची आहे. शेवटी '७०९' असलेली त्रुटी बहुधा २२एच२ नंतर छपाईचा संवाद वेगळ्या वाटेने होऊ लागल्यामुळे येते. दोन्हींवर आधी दोन्ही संगणक पूर्ण अद्ययावत करावेत. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदीत) एक आकडा शून्य करण्याचा जो उपाय सर्वत्र सांगितला जातो, तो डेस्कटॉपचे संरक्षण उतरवूनच काम करतो. त्याऐवजी लॅपटॉपवर प्रिंटर 'लोकल' म्हणून जोडावा, नवा 'लोकल पोर्ट' तयार करावा आणि पोर्टचे नाव म्हणून दोन उलट्या रेघा, डेस्कटॉपचे नाव, एक उलटी रेघ आणि प्रिंटरचे शेअर नाव असे लिहावे. ड्रायव्हर लॅपटॉपवरचाच वापरला जातो आणि दोन्ही अडचणी बहुतेक वेळा टळतात. 'एसएमबी १', म्हणजे शेअरिंगच्या संवादाची सर्वांत जुनी पद्धत, चालू करा, असे कोणी सांगितल्यास स्पष्ट नकार द्यावा. तो जुना प्रकार केवळ विंडोज एक्सपीच्या काळातील यंत्रांना लागतो, आणि २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने त्यातील दोषाचाच फायदा घेतला होता.

प्रिंटर बदलण्याची वेळ येईल तेव्हा वायफाय किंवा लॅन केबलची सोय असलेला घ्यावा. तो थेट राउटरला जोडला की मधल्या डेस्कटॉपचे खाते, त्याचा पासवर्ड आणि तो चालू असण्याची अट, हे सारेच सुटते; फोनवरूनही छापता येते. त्या प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानाला मात्र वेगळा पासवर्ड असतो, जो अनेक मॉडेलांत मागच्या पट्टीवर छापलेला असतो किंवा यंत्राचा सिरियल नंबर हाच तो असतो. छपाईसाठी तो लागत नाही. घरगुती प्रिंटरांपैकी पुष्कळ केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, आणि चिऱ्याच्या घरात तेच बरे, कारण ५ गिगाहर्ट्झचे तरंग भिंतीपलीकडे लवकर विरतात.

वरील सर्व करूनही चौकट हटली नाही, तर डेस्कटॉपवर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज'मधील 'सिक्युरिटी' या यादीत ४६२५ क्रमांकाची नोंद शोधावी. तिच्यात 'सब स्टेटस' असा एक सांकेतिक आकडा असतो. त्याचा शेवट ६४ ने झाला असेल तर त्या नावाचे खातेच डेस्कटॉपवर नाही. ६ए ने झाला असेल तर खाते आहे, पण पासवर्ड चुकला. ६ई असेल तर खात्यावर निर्बंध आहे, म्हणजे बहुधा पासवर्ड कोरा आहे. ७१ म्हणजे मुदत संपलेली आणि २३४ म्हणजे खाते तात्पुरते बंद झालेले. हा आकडा, दोन्ही संगणकांची विंडोजची आवृत्ती आणि चौकटीत आपण लिहिलेले नाव जसेच्या तसे कळवावे. पासवर्ड कळवू नये.